दातांतील फिलिंग आणि रोजचा ब्रश

किडलेला दात कोरून भरून घेतला की त्या दाताचे प्रकरण मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भरलेल्या पदार्थाची खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू होते. चावताना पडणारा दाब, आंबट व तिखट अन्न, गरम चहा आणि थंड पाणी यांबरोबरच दिवसातून एक-दोनदा फिरणारा ब्रश आणि त्यावरील पेस्ट किंवा पावडर यांचाही फिलिंगच्या पृष्ठभागावर परिणाम होत असतो. हा परिणाम एका दिवसात दिसत नाही. काही वर्षांनी फिलिंग खडबडीत, निस्तेज किंवा पिवळे झालेले आढळते, दात आणि फिलिंग यांच्या सांध्यावर बारीक खाच पडते आणि 'सिमेंट खराब निघाले' असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा दोष सिमेंटचा नसून दात घासण्याच्या पद्धतीचा असतो.

राखुंडी ते पेस्ट

लालबाग-परळच्या गिरणगावात स्थायिक झालेला कामगारवर्ग मुख्यतः कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरकडील घाटावरून आला. येताना त्याने दात घासण्याच्या आपल्या सवयीही सोबत आणल्या. कोकणातील घरांत भाताचे तूस जाळून राखुंडी केली जात असे. गोवरीची राख, कोळशाची पूड आणि मीठ हीही सर्रास वापरली जाणारी दंतमंजने होती. तुसाच्या राखेत दहापैकी सुमारे नऊ भाग सिलिका असते. दात लख्ख करण्याचा या राखेचा गुण आणि दात झिजवण्याचा तिचा अवगुण, दोन्ही या सिलिकेतूनच येतात.

तयार दंतमंजनांच्या व्यवसायाशीही या भागाचे नाते जुने आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळ येथे विको कंपनीची सुरुवात केली ती 'वज्रदंती' या दंतमंजनापासून. भारतात १९३७ साली कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या कोलगेट-पामोलिव्हचा कारखाना जवळच शिवडीला अनेक दशके होता. नायलॉनच्या तंतूंचा टूथब्रश अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आला आणि पुढे तो जगभर पसरला. एका पिढीचे बोट आणि राखुंडी, दुसरीचे दंतमंजन आणि तिसरीचे ब्रश-पेस्ट असा हा प्रवास एकाच चाळीत, कित्येकदा एकाच घरात, शेजारी-शेजारी चालू राहिला.

याच प्रवासातील एक घातक सवय म्हणजे मिशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांना व हिरड्यांना चोळली जाते. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट व टूथपावडरींच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती वैध ठरवली. मात्र घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशेरीपर्यंत अशी बंदी पोहोचत नाही. मिशेरीचा सर्वांत मोठा धोका मुखाच्या कर्करोगाचा आहे, आणि त्यापुढे फिलिंगची झीज ही गौण बाब होय. तथापि दात भरून घेतल्यानंतरही मिशेरी चालू ठेवणाऱ्यांच्या फिलिंगवर काळसर डाग लवकर चढतात, हेही खरे.

झीज ब्रशने नव्हे, भुकटीने

दात किंवा फिलिंग ब्रशच्या तंतूंनी झिजते, असे समजले जाते. नायलॉनचा तंतू दातापेक्षा पुष्कळ मऊ असल्याने नुसत्या पाण्याने ब्रश केल्यास झीज अत्यल्प होते. खरी झीज होते ती तंतूंच्या टोकांशी अडकून पृष्ठभागावर ओढल्या जाणाऱ्या कणांमुळे. पाट्यावर वरवंटा फिरतो, पण धान्याबरोबर खडा आला तर ओरखडा तो खडा पाडतो, तसाच हा प्रकार आहे. ब्रश कणांना दाबतो आणि हलवतो. तंतू किती कडक आहेत, दाब किती आहे आणि ब्रश किती वेळ फिरतो, यांवर त्या कणांची करामत अवलंबून असते.

पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका किंवा फॉस्फेटचे क्षार यांपैकी काही ना काही घर्षक असतेच. घर्षकाशिवाय दातांवरील डाग निघत नाहीत. प्रश्न फक्त प्रमाणाचा आणि कणांच्या स्वरूपाचा आहे. खनिजांचा कठीणपणा दर्शविणाऱ्या मोह्सच्या मापनश्रेणीत दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क सुमारे ५ वर, तर आतील दंतिन ३ च्या आसपास येते. कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्साइट हे रूप ३ वर, तर वाळूतील क्वार्ट्‌झ ७ वर असते. म्हणजेच वाळूमिश्रित राख, विटकरीची पूड यांसारखे पदार्थ दंतवल्कालाही ओरखडे पाडू शकतात. सुक्या पावडरीत पेस्टप्रमाणे ग्लिसरीन आणि पाणी नसल्याने तेवढ्याच जागेत घर्षकाचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे खरखरीत पावडर कडक ब्रशवर घेऊन घासणे सर्वांत हानिकारक ठरते.

दंतमंजनांमुळे दात झिजतात ही गोष्ट नवी नाही. अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी १९०७ मध्ये याविषयी केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. आज पेस्टची घर्षकता मोजण्यासाठी 'आरडीए' हा निर्देशांक वापरतात. एका प्रमाणित घर्षकाने होणारी दंतिनाची झीज १०० धरून इतर पेस्टची झीज तिच्याशी ताडून पाहिली जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेस्टचा हा निर्देशांक २५० पेक्षा अधिक असू नये. मात्र बहुतेक ट्यूबवर तो छापलेला नसतो. दात शुभ्र करण्याचा दावा करणाऱ्या काही पेस्टमध्ये घर्षकता जास्त असू शकते, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे.

खडबडीतपणा कशाला मोजायचा?

पृष्ठभागाचा खडबडीतपणा सूक्ष्म उंचवटे व खळगे यांच्या सरासरीने, मायक्रोमीटरमध्ये मोजतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बेल्जियममधील संशोधकांनी १९९७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन ०.२ मायक्रोमीटर ही मर्यादा सुचवली. पृष्ठभाग याहून गुळगुळीत केला तरी त्यावरील जिवाणूंच्या थरात आणखी घट होत नाही, पण याहून खडबडीत झाला की थर अधिक साचू लागतो. खळग्यांत बसलेले जिवाणू ब्रशच्या तडाख्यातून वाचतात. त्यातून हिरड्या सुजणे, फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड लागणे आणि डाग पडणे हे क्रमाने ओढवते. एक मायक्रोमीटरहूनही कमी खडबडीतपणा जिभेच्या टोकाला जाणवू शकतो. 'फिलिंग जिभेला लागते' ही रुग्णाची तक्रार म्हणूनच उडवून लावण्यासारखी नसते.

प्रयोगशाळेत ही झीज यंत्राने घडवून आणतात. फिलिंगच्या पदार्थाच्या चकत्या करून त्यांवर पेस्ट व पाण्याचे मिश्रण सोडले जाते आणि ठरावीक वजनाखाली ब्रश हजारो वेळा पुढे-मागे फिरवला जातो. यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ब्रशवरील भार ०.५ ते २.५ न्यूटन, म्हणजे सुमारे ५० ते २५० ग्रॅम वजनाइतका सुचवला आहे. साधारणतः दहा हजार फेऱ्या म्हणजे एका वर्षाचे ब्रश करणे, असा ढोबळ हिशेब अनेक संशोधक धरतात. प्रयोगापूर्वीचा व नंतरचा खडबडीतपणा, चकाकी आणि वजनातील घट यांची तुलना करून निष्कर्ष काढले जातात. तोंडातील लाळ, आम्ले आणि चावण्याचा ताण यंत्रात पूर्णपणे आणता येत नाहीत. त्यामुळे यंत्रातील आकडे जसेच्या तसे तोंडाला लागू पडत नसले, तरी कोणता पदार्थ आधी झिजतो याचा अंदाज त्यांतून येतो.

पदार्थागणिक फरक

चांदी : बोलीभाषेत 'चांदी भरणे' म्हणतात ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथील, तांबे आणि पारा यांचे मिश्रण. ब्रशच्या घर्षणाला ते चांगले तोंड देते. त्याचा पृष्ठभाग बिघडतो तो मुख्यतः गंजण्यामुळे किंवा सुरुवातीस नीट पॉलिश न केल्यामुळे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम वापरण्यास आळा घालणारी दुरुस्ती त्यात २०२२ मध्ये झाली. त्यामुळे दाताच्या रंगाच्या फिलिंगकडे कल वाढला आणि ब्रशच्या झिजेचा प्रश्नही अधिक महत्त्वाचा झाला.

कंपोझिट : दाताच्या रंगाचे, निळ्या प्रकाशाने कडक होणारे हे फिलिंग. अमेरिकन संशोधक राफाएल बोवेन यांना १९६२ मध्ये ज्या रेझिनचे पेटंट मिळाले, त्यावर या पदार्थाची उभारणी झाली. त्यात दोन घटक असतात, मऊ रेझिन आणि त्यात मिसळलेले काच किंवा सिलिकेचे कठीण कण. ब्रश करताना आधी रेझिन झिजते, मग उघडे पडलेले कण उंचवट्यासारखे वर राहतात आणि शेवटी निखळून जागोजागी खड्डे सोडतात. पावसाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावरील वरचा गिलावा वाहून जाऊन खडी उघडी पडते, तसेच हे असते. कण जितका मोठा, तितका खड्डा मोठा. जुन्या कंपोझिटमध्ये कण दहा मायक्रोमीटर व त्याहूनही मोठे असत आणि म्हणून ती लवकर खरखरीत होत. पुढे मायक्रोमीटरच्या शतांश भागांत मोजावे लागणारे सूक्ष्म कण आले आणि २००० नंतरच्या दशकात नॅनोकणांची कंपोझिट उपलब्ध झाली. ही ब्रशनंतरही बऱ्याच अंशी गुळगुळीत राहतात. अर्थात प्रकाश पुरेसा वेळ दिला नाही किंवा पॉलिश नीट केले नाही, तर उत्तम कंपोझिटही मऊ राहून लवकर झिजते.

ग्लास आयनोमर : बोलीभाषेतील 'सिमेंट' बहुधा हेच. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनमध्ये विकसित केलेले हे सिमेंट १९७२ मध्ये दंतवैद्यकात आले. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते, फ्लोराइड सोडते आणि फ्लोराइडयुक्त पेस्टमधून ते पुन्हा काही प्रमाणात शोषूनही घेते. कीड लागण्याची शक्यता अधिक असलेल्या रुग्णांसाठी हा मोठा गुण आहे. मात्र ब्रशपुढे हे सिमेंट कंपोझिटपेक्षा साधारणतः लवकर खडबडीत होते. काचकणांभोवतीचा भाग झिजतो, आणि हाताने कालवताना आत राहिलेले हवेचे बुडबुडे पृष्ठभागावर छिद्रांच्या रूपाने उघडे पडतात. सिमेंट भरल्यानंतर पहिले चोवीस तास त्याचा कडकपणा वाढतच असतो. म्हणूनच दंतवैद्य त्यावर वार्निश किंवा रेझिनचा थर देतात.

कवळी : हे फिलिंग नव्हे, पण घर्षणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. ॲक्रिलिकची कवळी दातापेक्षा मऊ असल्याने पावडरीने घासल्यास तिच्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साचते. कवळी मऊ ब्रश व साध्या साबणाने धुणे पुरेसे असते.

मानेवरची खाच आणि तिचे दुष्टचक्र

ब्रशचा सर्वाधिक मारा सोसावा लागतो तो दात आणि हिरडी यांच्या सांध्याजवळ, म्हणजे दाताच्या मानेवर केलेल्या फिलिंगला. दाढेच्या वरच्या बाजूस भरलेले फिलिंग प्रामुख्याने चावण्याने झिजते. मानेवरचे फिलिंग मात्र थेट ब्रशच्या वाटेवर असते.

मुळात तेथे फिलिंग करण्याची वेळ का येते, हे पाहिले तर प्रश्नाचे मर्म ध्यानात येते. आडवा ब्रश जोरात फिरवणाऱ्या व्यक्तींच्या हिरड्या खाली सरकतात आणि मुळाकडचा मऊ दंतिन उघडा पडतो. त्यावर खरखरीत मंजन वर्षानुवर्षे घासले गेले की पाचरीच्या आकाराची खाच तयार होते. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांत ती अनेकदा डावीकडच्या सुळ्यावर आणि उपदाढांवर अधिक खोल आढळते. आम्लयुक्त पदार्थ आणि चावण्याचा ताण हेही या खाचेला हातभार लावतात. थंड पाण्याने कळ येऊ लागली की रुग्ण दंतवैद्याकडे जातो आणि खाच भरून घेतो.

दुष्टचक्र येथूनच सुरू होते. ज्या कडक ब्रशने आणि ज्या मंजनाने दात झिजला, त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून फिलिंग घासले जाते. दाताहून टिकाऊ असा पदार्थ तेथे भरलेला नसतो. भरलेले सिमेंट खडबडीत होते, कडेने उचलले जाते आणि काही वर्षांत निखळते. नव्याने भरताना थोडा निरोगी दातही कोरावा लागतो. प्रत्येक खेपेस खाच मोठी, उरलेला दात लहान आणि खर्च अधिक, असे होत जाऊन शेवटी मज्जातंतूंवरील उपचार किंवा कॅप यांपर्यंत मजल जाते. रोजंदारीवर किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यास हा खर्च परवडत नाही आणि बहुधा दात काढून टाकण्याचा मार्ग पत्करला जातो. काही रुपयांचा मऊ ब्रश वेळीच घेतल्यास ही साखळी पुष्कळदा तुटू शकते.

हळद, आंबट आणि सुपारी

लालबागचा मसाला बाजार प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात मिरची, हळद आणि धने कुटून घेण्यासाठी येथील डंकांवर गर्दी होते. हळदीतील पिवळे द्रव्य कंपोझिटच्या रेझिनमध्ये सहज मुरते, आणि पृष्ठभाग खडबडीत झालेला असेल तर डाग अधिक गडद बसतो. चहा आणि तंबाखू यांचेही तसेच. हे डाग काढण्यासाठी अधिक जोर लावून घासणे म्हणजे पृष्ठभाग आणखी खरवडून पुढच्या डागांना जागा करून देणे होय. शुभ्र करणाऱ्या पेस्टने फिलिंगचा मूळ रंग बदलत नाही.

लिंबू, चिंच, कोकम यांचे सरबत आणि शीतपेये यांतील आम्ले ग्लास आयनोमरचा पृष्ठभाग विरघळवतात आणि उघड्या दंतिनालाही मऊ करतात. त्यामुळे आंबट खाल्ल्या-प्यायल्यानंतर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास थांबावे. पित्त वर येऊन आंबट पाणी तोंडात येणाऱ्यांनी हे पथ्य विशेषकरून पाळावे. सुपारी चघळण्याच्या सवयीने दाढांवरील फिलिंग झिजते आणि तडकते, आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच.

काय करावे?

या माहितीवरून ब्रश करणेच कमी करावे, असा अर्थ कोणी काढू नये. न घासलेल्या दातावरचे फिलिंग झिजेने नव्हे, तर किडीने जाते आणि तेही अधिक लवकर. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे ब्रश करणे आवश्यकच आहे. फक्त पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

* 'सॉफ्ट' असे लिहिलेला, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. तंतू फाकले की तो बदलावा. साधारणतः तीन महिन्यांत ही वेळ येते. काही आठवड्यांतच तंतू फाकत असतील तर हात जड आहे असे समजावे.
* ब्रश मुठीत न धरता लेखणीसारखा बोटांत धरावा. दाब आपोआप कमी होतो.
* तंतू हिरडीच्या कडेशी तिरपे टेकवून लहान लहान फेऱ्यांनी घासावे. करवतीसारखा आडवा ब्रश फिरवू नये.
* पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ती फ्लोराइडयुक्त असावी. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १००० भाग इतकी आहे.
* राखुंडी, कोळसा, मीठ, विटकरीची पूड आणि मिशेरी पूर्णपणे टाळावी. पावडर सोडवत नसेल तर ती चिमटीत चोळून पाहावी आणि खरखरीत लागल्यास वापरू नये.
* सिमेंट भरल्यानंतर किती वेळ खाऊ नये आणि त्या जागी ब्रश केव्हा करावा, हे दंतवैद्याला विचारून घ्यावे.
* दात स्वच्छ करून घेताना कोणत्या दातांत फिलिंग आहे, हे आधी सांगावे. स्वच्छतेसाठी वापरली जाणारी जाडसर पेस्ट आणि आम्लयुक्त फ्लोराइड जेल यांनीही काही फिलिंगचा पृष्ठभाग खडबडीत होऊ शकतो.

खडबडीत झालेले प्रत्येक फिलिंग काढून टाकावे लागतेच असे नाही. कडा शाबूत असतील आणि आत कीड नसेल, तर केवळ पुन्हा पॉलिश करून किंवा वरचा थर दुरुस्त करून ते आणखी काही वर्षे चालवता येते. त्यासाठी वर्षातून एकदा तपासणी हवी. लालबागकरांना मुंबई सेंट्रल येथील महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील शासकीय दंत महाविद्यालय ही दोन सार्वजनिक रुग्णालये सहज गाठता येण्याजोगी आहेत. तपासणीस जाताना आपला रोजचा ब्रश आणि पेस्ट किंवा पावडर सोबत नेऊन दंतवैद्याला दाखवावी. फिलिंग कशामुळे झिजले, याचे उत्तर पुष्कळदा त्या ब्रशच्या फाकलेल्या तंतूंतच मिळते.